काडीपैलवान वर्षभर वापरून बघितला: फुल साइज प्लास्टिक सांगाड्याचा रिव्ह्यू

आधी स्टार सांगून मोकळी होते, ५ पैकी साडेतीन. मुद्दाम वर्षभर थांबून लिहितेय कारण या मॉडेलखाली जेवढे रिव्ह्यू आहेत ते सगळे बॉक्स उघडल्या दिवशीचे, "पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत" असले. अरे सांगाडा काय पॅकिंग बघायला घेतो का आपण.

मी नववी ते बारावीला जीवशास्त्र शिकवते. लोक म्हणतात हाडाची शिक्षिका आहे, म्हटलं मग हाडं पण असू देत एकदाची. चार्ट दाखवून दाखवून कंटाळले होते, चार्टवर सगळं सपाट, मागची बाजू नाहीच, आणि मुलं मांडीचं हाड आणि दंडाचं हाड ओळखताना एकमेकांची उत्तरं बघून लिहितात. म्हणून हा घेतला. १७० सेंटिमीटर उंच, चाकांचा स्टँड, कवटी निघते, हातपाय निघतात, कण्यामधून नसांची पिवळी टोकं बाहेर आलेली, असा सगळा थाट. मुलांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं काडीपैलवान, आता मीपण तेच म्हणते.

जोडायला पाऊण तास लागला. धड एकत्रच येतं (कणा, बरगड्या, खुबा), त्याला हात पाय आणि कवटी आपण लावायची. स्क्रू ठीक आहेत पण स्टँडचा रॉड ज्या भोकात जातो ते भोक जरा सैल, त्यामुळे पैलवान नेहमी एका बाजूला कलून उभा असतो, बस स्टॉपवर उभं राहिल्यासारखा. प्लास्टिकचा वास आठ दहा दिवस जात नाही, खिडकीत ठेवा. एवढं चालवून घेतलं असतं.

पण हात. दोन्ही हात डावे आले!! मला जोडताना कळलं सुद्धा नाही, दुसऱ्या दिवशी वर्गात मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली मॅडम याचे दोन्ही अंगठे एकाच बाजूला आहेत. तळवे समोर करून उभं राहिलं की दोन्ही अंगठे बाहेरच्या बाजूला यायला हवेत, आणि पुढच्या हाताची दोन हाडं असतात त्यातलं अंगठ्याच्या बाजूचं ते रेडिअस आणि करंगळीच्या बाजूचं अल्ना. पैलवानाचा उजवीकडचा हात समोरून बघितला तर अंगठा पोटाकडे. कस्टमर केअरला फोटो पाठवला तर उत्तर आलं की "कृपया हात फिरवून लावावा". फिरवला तर तळवा मागे जातो हो. तीन आठवडे मेल मेल खेळून शेवटी उजवा हात आला. अर्धा स्टार इथे गेला.

आता बॉक्सवर लिहिलंय "२०६ हाडांचा संपूर्ण सांगाडा". २०६ हा आकडा मोठ्या माणसाचा, बरोबर आहे, पण या मॉडेलमध्ये नाहीत. आम्ही एक तास घालवून मोजली. दोन्ही कानात मिळून सहा बारीक हाडं असतात, त्यातलं सगळ्यात छोटं साधारण ३ मिलिमीटरचं, ती अर्थातच नाहीत. जिभेच्या मुळाशी हायॉइड असतं, इंग्रजी यू च्या आकाराचं, ते शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याच हाडाला टेकत नाही, नुसतं स्नायू आणि अस्थिबंधांवर टांगलेलं असतं, ते पण नाही. म्हणजे सात सरळ गायब. शिवाय मनगटातली आठ हाडं एकच गठ्ठा म्हणून ओतलीत, वर नुसत्या रेषा मारल्यात. हे मला फार खटकलं कारण मनगटाची मजाच त्या आठ गोट्यांमध्ये आहे (त्याचं पुढे येतंच). दात मात्र बत्तीसच्या बत्तीस दिलेत! एकाने विचारलं मॅडम दात हाडांत धरायचे का, तर नाही. दाताचं बाहेरचं इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात वर येताच संपून जातात म्हणून तुटलेला दात स्वतःहून भरून येत नाही, हाड येतं. हा फरक मुलांना एकदम पटला.

चांगलं काय ते पण सांगते नाहीतर म्हणाल नुसती किरकिर. कणा खरंच छान केलाय. मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५ मणके वेगवेगळे, खाली पाच जुळून झालेलं त्रिकास्थी आणि मग माकडहाड. मधल्या चकत्या रबरासारख्या मऊ आहेत त्यामुळे कणा वाकतो आणि परत येतो. कमरेच्या तिसऱ्या चौथ्या मणक्यामध्ये एक चकती मुद्दाम फुगवून लाल केलीये, स्लिप डिस्क दाखवायला. जागा जरा चुकलीये म्हणा, खऱ्या माणसात हा त्रास जास्त करून त्याच्या खालच्या दोन चकत्यांना होतो, पण नसेवर दाब कसा येतो ते चार सेकंदात कळतं. बरगड्या आणि छातीचं हाड यांच्यामधली कूर्चा वेगळ्या रंगाची आहे, वरच्या सात जोड्या स्वतःच्या कूर्चेने समोर जोडलेल्या, पुढच्या तीन वरच्यांच्या आधाराने, शेवटच्या दोन मागून येऊन तशाच लोंबत्या, हे सगळं बोट लावून दाखवता येतं. आणि पाय! एका पावलात २६ हाडं, एका हातात मनगट धरून २७, म्हणजे दोन हात दोन पावलं मिळून १०६. सांगाड्याची निम्म्याहून जास्त हाडं टोकांनाच आहेत हे मुलांना खरंच वाटत नव्हतं, मोजल्यावर गप्प बसली.

बाई का पुरुष यावरून पण भांडण झालं. खुब्याच्या पुढच्या बाजूला खाली जो कोन होतो तो अरुंद आहे आणि भुवयांवरचा उंचवटा ठळक, म्हणजे पुरुषच. नाव बरोबर पडलं होतं.

आता एक अख्खा स्टार कशाचा कापला ते. हे मॉडेल बघून मुलांच्या डोक्यात जे पक्कं बसतं ते असं की हाड म्हणजे पांढरी, कोरडी, मेलेली काठी, जिच्यावर आपण टांगलेलो आहोत. कपाटातल्या हँगरसारखी. कंपनी सोबत जे माहितीपुस्तक देते त्यात फक्त नावं आहेत, लॅटिन नावांची यादी, आणि शेवटी "स्वच्छ कापडाने पुसावे". हाड जिवंत असतं, त्यात रक्त खेळतं, ते रोज थोडं खाल्लं जातं आणि रोज थोडं बांधलं जातं याबद्दल एक ओळ नाही. प्लास्टिकने हे दाखवायला हवं असं माझं म्हणणं नाही पण पुस्तकात चार पानं टाकायला काय जात होतं. मग ती चार पानं मीच वर्गात करते, कशी ते लिहिते, ज्यांनी हे मॉडेल घेतलंय त्यांना उपयोग होईल.

पहिला प्रयोग, कोंबडीच्या पायाचं हाड साफ करून आठवडाभर व्हिनेगरमध्ये. आठवड्याने काढलं की रबरासारखं वाकतं. ॲसिडने खनिज निघून गेलं आणि उरलं ते कोलॅजन, म्हणजे चिवट प्रथिनाचे धागे. उलट दुसरं हाड चांगलं भाजलं तर कोलॅजन जळून जातं, आकार तसाच दिसतो पण बोटाने दाबलं की भुगा. हाडाच्या वजनात साधारण ६० ते ७० टक्के खनिज, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बारीक स्फटिक, बाकी कोलॅजन आणि पाणी. एक दाब सोसतं, एक ताण सोसतं, दोन्ही मिळून हाड. मग पैलवानाच्या मांडीवर टकटक करायची आणि सांगायचं की यात दोन्ही नाही.

दुसरं म्हणजे आतलं. पैलवानाची हाडं आतून पोकळ आहेत (कसं कळलं ते शेवटी), लांब हाडाचा मधला भाग खरंच नळीसारखा असतो त्यामुळे तेवढं खपून जातं, फक्त खऱ्या नळीत मज्जा म्हणजे बोन मॅरो असते. लहानपणी सगळी लाल, रक्तपेशी बनवणारी, मोठेपणी हातापायांच्या नळ्यांमधली बरीचशी पिवळी होते म्हणजे चरबी, आणि रक्ताचा कारखाना कणा, खुबा, छातीचं हाड, बरगड्या इथे शिल्लक राहतो. बाहेरच्या कडक हाडाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, एकेक वर्तुळांचा गठ्ठा साधारण पाव मिलिमीटरच्या आतबाहेर, मध्ये बारीक बोगदा, त्यातून रक्तवाहिनी जाते. १६९१ मध्ये क्लॉप्टन हॅवर्स नावाच्या इंग्लिश डॉक्टरने हे बोगदे वर्णन केले म्हणून त्यांना हॅवर्शियन कॅनॉल म्हणतात. वर्तुळांच्या मधल्या खोबणीत पेशी बसलेल्या असतात, ऑस्टिओसाइट, आणि प्रत्येकीचे केसासारखे हात शेजारणीपर्यंत पोचलेले. चाळीतल्या बायका कठड्यावरून बोलतात ना तसं, कुठे भार वाढला कुठे तडा गेला हे या एकमेकींना कळवत असतात. मग दोन टोळ्या येतात. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या मोठाल्या पेशी ॲसिड सोडून जुनं हाड विरघळवतात, दोन चार आठवड्यांत त्यांचं काम संपतं, आणि मागून ऑस्टिओब्लास्ट येऊन तोच खड्डा भरतात, त्यांना तीन चार महिने लागतात. पाडायला वेळ लागत नाही, बांधायला लागतो. मोठ्या माणसात वर्षाला साधारण दहा टक्के सांगाडा असा बदलला जातो, पण म्हणून दहा वर्षांत अख्खा नवीन असं सरळ गणित करू नका, टोकाकडचं जाळीदार हाड भराभर बदलतं, बाहेरचं कडक हाड निवांत.

ते जाळीदार हाड मॉडेलमध्ये दिसत नाही ही माझी सगळ्यात मोठी हळहळ. कंपनी मांडीच्या हाडाचा उभा छेद वेगळा विकते, मागवला मी तो, पण आतली जाळी नुसती स्पंजसारखी कशीही भोकं पाडून केलीये. खऱ्या हाडात ती जाळी कशीही नसते हो! खुब्याकडच्या टोकात तिच्या कमानीसारख्या रेषा असतात. १८६७ च्या सुमारास हर्मन फॉन मायर या शरीरशास्त्रज्ञाने त्या रेखाटल्या आणि कार्ल कुलमान नावाच्या इंजिनिअरला त्या बघून क्रेनच्या वाकड्या मानेत ताण कसा वाहतो त्या रेषा आठवल्या. पुढे १८९२ मध्ये युलियस वोल्फने नियमच मांडला की जसा भार तसं हाड घडतं. टेनिस खेळणाऱ्यांचा रॅकेटवाला दंड आतल्या हाडासकट जाड असतो, आणि अंतराळवीरांचं खुब्याकडचं हाड व्यायाम नसेल तर महिन्याला एक दीड टक्क्याने कमी होत जातं. हे सगळं सांगायला एक बरा छेद हवा होता. तो वेगळा छेद अजिबात घेऊ नका, पैसे वाया.

वाढीचं तर विचारूच नका. मॉडेल म्हणजे तयार मोठा माणूस, वाढ कुठून दाखवणार. आणि वर्गात प्रश्न सगळे वाढीचेच, मॅडम उंची कशी वाढते, मॅडम लटकल्याने वाढते का. मी खडूने पैलवानाच्या मांडीच्या हाडावर मध्यभागी दोन रेघा मारते आणि विचारते हाड वाढलं की या रेघा लांब जातील का. सगळे म्हणतात हो. तर नाही. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्लिश पाद्र्याने हा प्रयोग पिल्लावर केला होता, १७२७ मध्ये छापलाय, कोंबडीच्या पिल्लाच्या पायाच्या हाडाला दोन बारीक भोकं पाडली, पिल्लू मोठं झालं, हाड लांब झालं, भोकांमधलं अंतर तेवढंच. म्हणजे हाड मधून ताणलं जात नाही, टोकांपाशी वाढतं. तिथे कूर्चेची पातळ थर असते, ग्रोथ प्लेट. तिच्यात पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचल्या जातात, मग फुगतात, मरतात, त्यांच्याभोवती कॅल्शियम बसतं आणि त्या जागेवर ऑस्टिओब्लास्ट हाड घालतात. वर चळत वाढत राहते, खालून हाड होत जातं. जाडी मात्र बाहेरून वाढते, हाडावरचं पातळ आवरण असतं त्याच्या खालून. हेपण जुनं आहे, १७३६ मध्ये लंडनच्या जॉन बेल्चियरने सांगितलं की मंजिष्ठेच्या जातीतलं लाल मूळ खाल्लेल्या जनावरांची हाडं लाल होतात, मग लोकांनी कधी मूळ द्यायचं कधी बंद करायचं असं करून नवीन हाड कुठे बसतं ते पट्ट्यांवरून शोधलं. काय डोकी होती.

ही प्लेट मुलींमध्ये साधारण चौदा पंधरा, मुलांमध्ये सोळा सतराच्या आसपास बंद होत जाते, आणि मुलांना धक्का बसतो तो इथे की मुलांमध्ये सुद्धा ती बंद करणारं हार्मोन इस्ट्रोजेनच, जे आपण बायकांचं म्हणून ओळखतो. १९९४ मध्ये एक २८ वर्षांचा पुरुष नोंदवला गेला, त्याच्या पेशींना इस्ट्रोजेन ओळखताच येत नव्हतं, उंची २०४ सेंटिमीटर आणि प्लेट्स अजून उघड्या, उंची वाढतच होती. लटकण्याचं म्हणाल तर सकाळी आपण संध्याकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर उंच असतोच, कण्यातल्या चकत्या रात्री पाणी पिऊन फुगतात म्हणून, दिवसभरात परत बसतात. लटकून मिळतं ते तसलंच, दुपारपर्यंतचं. वर्गातल्या दोघांनी घरी भिंतीवर पेन्सिलने खुणा करून आणल्या, बरोबर निघालं.

लहान बाळाचा सांगाडा पण ही कंपनी विकते म्हणे, मी घेतला नाही, पण जन्मताना २७० ते ३०० तुकडे असतात जे पुढे जुळत जातात एवढं सांगायला पैलवान पुरतो, त्याच्या कवटीवरच्या नागमोडी सांध्यांवर बोट ठेवायचं. बाळाची टाळू भरायला दीड दोन वर्षं लागतात हे सगळ्यांना घरून माहिती असतं. गुडघ्याच्या वाटीच्या जागी बाळाला नुसती कूर्चा असते, मनगटातली आठही हाडं एक्सरेत दिसतच नाहीत, मग वर्षागणिक एकेक उगवत जातं, म्हणून तर मनगटाच्या एक्सरेवरून मुलाचं हाडाचं वय काढतात. आणि गळ्याखालची कॉलर बोन, ती गर्भात सगळ्यात आधी हाड व्हायला लागते, पाचव्या सहाव्या आठवड्यात, आणि तिचं आतलं टोक जुळतं सगळ्यात शेवटी, पंचविशीच्या आसपास. सगळ्यांच्या आधी कामाला लागून शेवटी घरी जाणारी.

आता मनगट. मी सहा महिन्यांपूर्वी ओल्या जिन्यावरून घसरले, हात टेकला, आणि रेडिअसचं मनगटाकडचं टोक मोडलं. उजव्या हाताचं. १८१४ मध्ये डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी हेच फ्रॅक्चर नुसतं हाताने चाचपून लिहून ठेवलंय, एक्सरे यायला अजून ऐंशी वर्षं होती. डॉक्टरांनी हात सुन्न करून ओढून हाड जागेवर बसवलं (तो आवाज मी विसरणार नाही), आधी अर्धं प्लास्टर घातलं कारण सूज उतरायची असते, गोल प्लास्टर लगेच घातलं तर सुजेला जागा राहत नाही, मग आठवड्याने पक्कं. आणि मी शिक्षिका असल्यामुळे सुट्टीत काय करणार तर स्वतःचे एक्सरे घेऊन बसले.

आत काय चालू असतं ते इतकं शिकवलं होतं पण तेव्हा खरं कळलं. मोडल्याबरोबर रक्त साचतं, गाठ धरते, ती घाण नसते, तिथूनच सुरुवात होते, सूज येते ती पण लागते, त्या सुजेतले निरोप गेल्याशिवाय बांधणारे येत नाहीत. दुसऱ्या आठवड्याच्या एक्सरेत मोडीची रेघ आधीपेक्षा ठळक दिसली आणि माझा जीव अर्धा झाला, डॉक्टर म्हणाले अहो बाई मेलेल्या कडा आधी खाऊन साफ करतात ना, मग फट मोठी दिसणारच. मीच वर्गात सांगते की ऑस्टिओक्लास्ट आधी येतात!! स्वतःवर आलं की सगळं विसरतं माणूस. मग त्या जागी मऊ कॅलस होतं म्हणजे कूर्चा आणि तंतू, दोन टोकं लवचिक गोंदाने धरल्यासारखी, आणि मग तीन चार आठवड्यांपासून त्या कूर्चेचं हाड व्हायला लागतं, आणि ते होतं कसं तर ग्रोथ प्लेटमध्ये होतं अगदी तसंच, पेशी फुगणार, कॅल्शियम बसणार, हाड येणार. म्हणजे मोडलेलं हाड जुळताना तेवढ्या जागेपुरतं परत लहान होतं. मी एक्कावन्न वर्षांची बाई आणि माझ्या मनगटात गर्भातला कारभार चालू. कातडी भरली की व्रण राहतो, हाड भरलं की शेवटी हाडच येतं.

सगळीकडे सारखं दिसत नाही हेही. माझ्या एक्सरेत मोठी गाठ अशी दिसलीच नाही, टोकाकडचं जाळीदार हाड आतल्या आत जुळतं, नुसता पांढुरका पट्टा आला आणि रेघ पुसट झाली. पण आमच्या दहावीतल्या एका मुलाची नडगी फुटबॉलमध्ये मोडली होती त्याचा एक्सरे त्याने हौसेने आणून दाखवला, त्यात हाडाभोवती कांद्याएवढा फुगवटा. तो पुढे वर्ष दोन वर्षं घासून घासून परत नळी होतो. लहान मुलांचं तर औरच, त्यांचं हाड ओल्या फांदीसारखं एका बाजूने चिरतं आणि दुसऱ्या बाजूने नुसतं वाकतं, आणि थोडं तिरकं जुळलं तरी वाढता वाढता सरळ होतं. पिळवटलेलं जुळलं तर मात्र सरळ होत नाही. प्लेट आणि स्क्रूने टोकं घट्ट आवळली तर मधली कूर्चाच होत नाही, हॅवर्शियन बोगदे थेट एका तुकड्यातून दुसऱ्यात खणत जातात. सायबेरियात कुर्गानला इलिझारोव्ह म्हणून सर्जन होते, त्यांनी १९५० च्या दशकात रिंगा आणि तारा लावून कापलेलं हाड हळूहळू लांब करायला सुरुवात केली, वेग दिवसाला १ मिलिमीटर, तेपण चार वेळा पाव पाव. हे ऐकल्यावर लटकणाऱ्या मुलाने विचारलंच मॅडम मग माझं करता येईल का. बस खाली.

मनगटातला गठ्ठा खटकतो तो इथे. हात टेकून पडल्यावर रेडिअसच्या जोडीला ज्याची भीती असते ते स्कॅफॉइड, आठातलं अंगठ्याकडचं एक. त्याला रक्त बोटांकडच्या टोकाने येतं आणि मागे जातं, कमरेत म्हणजे मधल्या अरुंद भागात मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो, जुळायला महिने लागतात, कधी जुळतच नाही, आणि पहिल्या एक्सरेत कित्येकदा दिसत पण नाही. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथे दाबून दुखलं तर डॉक्टर प्लास्टर घालूनच ठेवतात. हे पैलवानावर दाखवता येत नाही, नुसत्या रेषा.

सहा आठवड्यांनी माझं प्लास्टर निघालं, हात काडीसारखा, बोटं ताठ. फिजिओने हलवून हलवून रडवलं. हाड जुळणं आणि हात चालणं वेगळं हे कोणी आधी सांगत नाही, प्लास्टरमध्ये असतानाच मोकळी बोटं आणि खांदा हलवत राहायचं असतं. आणि उभ्या उंचीवरून पडून या वयात मनगट मोडलं म्हणून डॉक्टरांनी हाडांची घनता तपासायला लावली. टी स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा) उणे १ च्या खाली पण उणे २.५ च्या वर, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार, नाही पण त्या रस्त्यावर. पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी, मग पाडणारी टोळी जोरात आणि बांधणारी मागे पडते. तेच इस्ट्रोजेन जे मुलांची उंची थांबवतं. पन्नाशीच्या बायकांनो मनगट मोडलं तर नुसतं प्लास्टर काढून घरी येऊ नका, ती तपासणी मागून घ्या, खुब्याच्या फ्रॅक्चरपेक्षा मनगटाचं परवडलं. सिगरेट ओढणाऱ्यांचं हाड उशिरा जुळतं हेपण इथेच लिहिते, कोणाला तरी लागू होईल.

कोणी घ्यावा: शाळा, क्लास, फिजिओ शिकणारी मुलं, चित्रं काढणारे. घरी एकट्याने अभ्यासाला हवा असेल तर अर्ध्या उंचीचे मिळतात पण त्यात पावलांची हाडं सगळी चिकटलेली असतात असा माझा मैत्रिणीकडचा अनुभव, त्यापेक्षा नुसती कवटी आणि एक सुटा हात पाय घ्या. मेडिकलवाल्यांना हा पुरणार नाही, हाडांवरच्या खाचा आणि उंचवटे गुळगुळीत झालेत.

राहिलं पोकळ कसं कळलं ते. मागच्या महिन्यात स्टँड त्या सैल भोकातून निसटला आणि पैलवान आडवा. नडगीच्या बाहेरचं बारीक हाड, फिब्युला, उजव्या पायाचं, मधोमध तुटलं. मुलांनी इन्स्टंट ग्लू लावला, तीन दिवसांनी परत तुटलं, मग चिकटपट्टीचं प्लास्टर घातलं आणि त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. मी सुटं हाड मागवलं, पार्टचा फोटो, बाजू, मॉडेल नंबर, सगळं लिहून. काल आलं. फिब्युलाच्या घोट्याकडच्या टोकाला सांध्याची गुळगुळीत बाजू आत आणि मागच्या बाजूला एक खळगा असतो, त्यावरून डावं उजवं कळतं. वर्गातच बॉक्स उघडला, मागच्या बाकावरच्या त्याच मुलीच्या हातात दिलं, तिने खळगा बघितला, पायाला लावून बघितलं, आणि म्हणाली मॅडम, डावंच आलंय.